उतरलेला निळा

१

त्या बाई भांडायला आल्या आहेत, हे त्यांनी दुकानाचं दार ज्या तऱ्हेने ढकललं त्यावरूनच कळलं. कडेवर बाळ होतं. त्यांनी हातातली पुडी काउंटरवर आपटली आणि बाळाचं झबलं वर केलं. पोटापासून मांड्यांपर्यंत कातडी लालभडक झाली होती, मध्येमध्ये सोललेली. बाळ रडून थकलं होतं आणि आता नुसते हुंदके देत होतं.

"हा तुमचाच ना बाळसाबण? कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून घेतला. एकदा लावला, एकदाच! डॉक्टर म्हणाले, भाजल्यासारखं झालंय."

काउंटरमागे उभी होती ती घरातली धाकटी सून. तिला अख्खं घर फूटपट्टी म्हणे, आणि ते काही उगाच नव्हे. साबणाचा हा छोटासा कारखाना सासूबाईंनी स्वयंपाकघरातून सुरू केला, थोरल्या दिरांनी दारोदार फिरून वाढवला आणि फूटपट्टीने त्याला चेहरा दिला. ती सून होऊन आली तेव्हा दुकानाची पाटी हिरवी, टेम्पो पिवळा आणि वेष्टनं मिळेल त्या कागदाची. "माल एक आणि तोंडं छप्पन्न!" असं म्हणत तिने सगळं एका रंगात आणलं. पांढऱ्यावर एक निळा पट्टा. पाटीवर तोच, टेम्पोवर तोच, पिशवीवर, पावतीवर, माणसांच्या अ‍ॅप्रनवर तोच. नुकतंच माहितीपत्रकासाठी फोटो काढायचं ठरलं, तेव्हा तिने मागच्या कारखान्यातले डबे, झाकणं, पडदे, साबणावर घालायची फडकी, जे दिसेल ते त्याच निळ्यात करून टाकलं होतं. पट्टा जरा तिरका वाटला की ती खिशातली स्टीलची फूटपट्टी काढून मोजायची. दीर म्हणत, "हिच्यासमोर कावळा धरू नका, ही त्यालाही पट्टा मारेल."

आज ती फूटपट्टी खिशातच राहिली.  पट्टा तिचा, अक्षरं तिची, पुडीवरचे 'बाळासाठी निर्धास्त' हे शब्दही तिचेच. आपलाच हात त्या बाळाला लागला, असं तिला वाटलं.

मग तिची नजर पुडीवर गेली. ती उघडून पुन्हा सैलसर गुंडाळलेली होती. पांढरा कागद, अक्षरं जिथल्या तिथे, आणि पट्टा... तिने पुडी खिडकीच्या उजेडात नेली. पट्टा मळकट होता. निळ्यात कुणीतरी मातकट पाणी ओतावं तसा. तिचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडल्याची तिला लगेच लाजही वाटली. समोर भाजलेलं बाळ आणि आपण सुटलो म्हणून आनंद!

"ताई," ती म्हणाली, "हे कुठे उन्हात ठेवलं होतं का?"

"उन्हात कशाला ठेवू? कपाटात होतं."

"मग हा निळा आमचा नाही. आमच्या नावाने कुणीतरी नकली माल विकतंय."

तिने फळीवरून बाळसाबणाची एक अख्खी पेटी काढली आणि बाईंच्या पिशवीत घातली. हा अस्सल आहे, हाच वापरा, असं चार-चारदा सांगितलं. बाईंनी पेटी घेतली, पण दारातून जाताना त्या थांबल्या.

"अस्सल-नकली तुमचं तुम्ही बघा. हे कुणी केलं ते मला कळलं पाहिजे."

२

सासूबाई वरच्या खोलीत होत्या. पायाचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावरच असत, आणि दुखण्यावरच्या गोळ्यांनी अर्धा दिवस झोपेत जाई. फूटपट्टीने पुडीतली वडी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. त्यांनी वडी उलटीपालटी केली, हुंगली, आणि भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ तशाच बसल्या. मग पाणी मागून चूळ भरली.

"आई, काय वाटतं?"

"मला या गोळ्यांनी काही सुचत नाही गं," त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "तुमचं तुम्ही बघा."

खाली दीर येरझारा घालत होते. "तुझी नजर घारीची," ते म्हणाले. "निळ्यातला निळा तुलाच कळतो. तूच शोधून काढ. नकली वेष्टन छापणारा सापडला की बाकीचे आपोआप सापडतील."

वेष्टनं छापणारे गावात एकच होते, छापखान्याचे काका. फूटपट्टीच्या दिवंगत सासऱ्यांचे ते मित्र. तिच्या मनातला निळा मिळेपर्यंत त्यांनी शाई कालवून कालवून कागदांचे ढीग वाया घालवले होते आणि एकदाही कुरकूर केली नव्हती. त्यांच्याकडे संशय घेऊन जायचं तिच्या जिवावर आलं, तरी ती गेली.

काका यंत्रावर वाकले होते. चष्मा कपाळावर, हाताला शाई. त्यांनी ती पुडी भिंगाखाली धरली, कागदाची कड बोटाने चाचपली.

"कागद माझा आहे," ते म्हणाले. "ही कड बघ, सूनबाई. माझ्या कापायच्या यंत्राच्या पात्याला एका जागी दात पडलाय. तिथे कागदाला असं बारीक कुसळ राहतं. छपाईसुद्धा माझीच."

"आणि रंग?"

काकांनी भिंग खाली ठेवलं. "छापला तेव्हा माझाच असणार. आता हा माझा नाही. याचं काय झालं ते मला नाही सांगता येत."

"कागद तुमचा, छपाई तुमची, आणि रंग तेवढा तुमचा नाही?" तिचा आवाज चढला. तो चढायला नको होता. तिच्या पाठीमागे एका शाळेचे कारकून मुलांच्या प्रगतिपुस्तकांची छपाई ठरवायला आले होते, आणि ते कान टवकारून ऐकत होते. "काका, आमची जास्तीची वेष्टनं छापून कुणाला विकलीत? हलक्या शाईत?"

 काकांनी हात पुसले.

"मी चोर असतो, तर ती कड तुला आपणहून दाखवली असती का?"

 पण डोळ्यांना दिसलेलं कसं नाकारायचं? सगळ्या जगात तिला एकाच गोष्टीची खात्री होती, ती म्हणजे त्या निळ्याची. ती बाहेर पडली. शाळेचे कारकून तिच्या मागोमागच छपाईचं काम न देता बाहेर पडले, हे तिने पाहिलं.

३

संशयाचं कसं असतं, एकदा घरात आला की तो सगळ्या खोल्या फिरतो. कागद काकांचा असेलही, पण त्यात साबण कुणी घातला? औषधाच्या दुकानात माल पोचवतात ते दीर. मागे तेल महागलं तेव्हा, बाहेरून वड्या आणून आपल्या वेष्टनात घालू, असं तेच तर म्हणाले होते! फूटपट्टीने जेवताना विषय काढला.

"भावजी, त्या दुकानात माल कुठला दिलात?"

दिरांचा घास हातातच राहिला. "कुठला म्हणजे? आपला. मावशींनी बांधून ठेवलेला. मागे मी बाहेरच्या वड्यांचं म्हणालो होतो तेव्हा आईने मला लाटणं दाखवलं होतं, विसरलीस?" मग हळूच म्हणाले, "तू माझ्यावरसुद्धा संशय घेतेस?"

ती खजील झाली. 

मावशी म्हणजे पुड्या बांधणाऱ्या बाई. सासूबाईंच्या पहिल्या घाण्यापासून त्या होत्या. कारखान्यात चाकांच्या उंच मांडण्यांवर साबणाच्या वड्या मुरत पडलेल्या असत, प्रत्येक मांडणीवर निळं कोरं फडकं, फोटोत शोभावं असं. मावशी स्टुलावर बसून वड्या गुंडाळत होत्या. फूटपट्टी चौकशीला आली म्हटल्यावर त्यांनी काम थांबवलं नाही, फक्त मान खाली घातली.

"मावशी, ती औषधाच्या दुकानातली पुडी तुम्ही बांधली होतीत का?"

"बाळसाबण मीच बांधते. दुसरं कोण बांधणार?"

"कागद बांधताना कसा होता? पट्टा निळा होता की मळका?"

"निळा होता. मळका असता तर तुम्ही मला सोडलं असतंत?" मावशी म्हणाल्या. हे खरंच होतं. "वड्या मात्र जरा नरम होत्या. मला वाटलं होतं विचारावं. पण मोठ्या बाईंनी हो म्हटलं होतं, मग मी कोण?"

"आईंनी? त्या तर पलंगावरून उठत नाहीत."

"हो तर. त्यांच्याशिवाय ते कोण करणार?" असं म्हणून मावशींनी पुढची पुडी दुमडली.

फूटपट्टी जिना चढून गेली. सासूबाई जाग्या होत्या. "आई, बाळसाबणाच्या वड्या बांधायला घ्या, असं तुम्ही मावशींना सांगितलंत?"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हटलं असेन," त्या पुटपुटल्या. "या गोळ्यांत मी काय बोलते ते माझं मला आठवत नाही." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

फूटपट्टीला त्यांच्या दुखण्याची दया आली आणि तिने तो धागा तिथेच सोडला. वड्या नरम असोत की कडक, प्रश्न रंगाचा होता. दिरांना दम धरवेना. त्यांनी दुकानाबाहेर पाटी लावली, 'नकली मालापासून सावध! अस्सल साबण फक्त येथे.' पाटीवर निळा पट्टा अर्थातच होता, आणि तो तिनेच मोजून काढला होता. मग दिरांनी ओळखीच्या दुकानदारांना फोन केले. बघता बघता गोष्ट गावभर झाली. शाळेची छपाई दुसऱ्या गावच्या छापखान्यात गेली. दवाखान्याच्या चिठ्ठ्याही गेल्या. काका दुकानावरून जाताना आता वर बघत नसत.

"दुपारी मी पोलिसांत तक्रार देतो," दीर एका सकाळी म्हणाले. "तू तो नकली कागद आणि आपला अस्सल कागद शेजारी शेजारी पुठ्ठ्यावर चिकटव. आंधळ्यालासुद्धा फरक दिसला पाहिजे."

४

पुठ्ठा, डिंक, दोन कागद. असं काम फूटपट्टीच्या आवडीचं, पण आज तिचे हात त्यात रमत नव्हते. काकांचं ते वाक्य काही डोक्यातून जात नव्हतं. चोर स्वतःची खूण दाखवत नाही. तरी डोळे म्हणत होते, हा निळा आपला नाही.

कागद सपाट बसेना. पुडीच्या दोन्ही टोकांच्या दुमडी अजून डिंकाने घट्ट होत्या. उघडताना बाईंनी पुडी मधूनच फाडली होती. फूटपट्टीने वाफेवर धरून एक दुमड सोडवली आणि कागद उलगडला.

दुमडीच्या आतल्या पदरावर, जिथे कागदावर कागद होता आणि साबण लागतच नव्हता, तिथे पट्टा निळा होता. मळका नाही, हिरवट नाही. तिचा निळा. काकांनी कालवलेला, तोच.

ती खुर्चीवर बसली. एकाच कागदावर, एकाच पट्ट्यात, दोन निळे. छापताना असं कोण छापेल? कुणीच नाही. म्हणजे कागद छापून आला तेव्हा सगळा पट्टा चांगलाच होता, आणि जिथे जिथे वडी टेकली तिथे तिथे तो उतरला.

तिने कोरं वेष्टन घेतलं, त्या बाईंनी आणलेल्या वडीवर गुंडाळलं, वरून पेला दाबून ठेवला आणि चहा टाकला. चहा पिऊन होईतो तिने तिकडे बघायचं टाळलं. पेला उचलला तेव्हा पट्ट्याला मळकट डाग पडायला लागला होता. मग तिला सासूबाईंची ती चूळ आठवली, आणि तिने वडीला जीभ लावली. सुई टोचावी तसा चटका बसला. साबण कच्चा होता. त्यातला कॉस्टिक सोडा अजून जिवंत होता, आणि त्यानेच रंग खाल्ला होता. बाळाची कातडीही त्यानेच खाल्ली होती.

पण कच्चा साबण कुठला? बाहेरचा? तिने धावत जाऊन दुकानाच्या फळीवरची पुडी उचलली, 'अस्सल साबण फक्त येथे' या पाटीच्या बरोब्बर आतली, आणि फाडली. पट्टा वरून ठीक दिसत होता, पण वडीला टेकलेली बाजू हिरवट व्हायला लागली होती. तिने त्या वडीलाही जीभ लावली.

पुन्हा चटका बसला.

"भावजी!" ती ओरडत अंगणात गेली. "थांबा, तक्रार देऊ नका!"

दीर टेम्पो पुसत होते. त्यांच्या हातात एक जुनं फडकं होतं, विटलेल्या लाल चादरीचं. दारात उभ्या असलेल्या मावशी त्या फडक्याकडे बघून कपाळाला हात लावत होत्या.

"अहो, काय हे! मोठ्या बाईंचं लाल फडकं टेम्पो पुसायला?"

"हिने टाकून दिलेलं पोतंभर पडलंय मागे," दीर म्हणाले. "फोटोत विचित्र दिसतात म्हणून."

"तुम्ही काढलीत ती?" मावशी फूटपट्टीकडे वळल्या.  "मला वाटलं, मोठ्या बाईंनी काढायला सांगितली."

"मावशी, लाल फडक्याचं काय असतं?" तिने विचारलं, पण उत्तर तिला आधीच कळू लागलं होतं.

"कच्च्या साबणावर लाल. बाई रोज वडीला जीभ लावून बघायच्या, आणि मुरला की स्वतःच्या हाताने लाल काढायच्या. त्यांच्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. मला एवढंच ठाऊक, लाल असेल तिकडे बघायचं नाही, लाल गेलं की बांधायचं. एक दिवस आले तर सगळी लाल गेलेली. म्हटलं, बाईंनी हो म्हटलं."

 चोर नव्हता, नकली माल नव्हता, हलकी शाईही नव्हती. होता तो एक चांगला दिसणारा फोटो. तिने ती फडकी गोळा करताना नाक मुरडलं होतं, आणि एकदाही कुणाला विचारलं नव्हतं की ही लाल का. इतकी वर्षं या घरात राहून कारखान्यातली ती एक भाषा तिला वाचता आली नव्हती, आणि न वाचताच तिने ती पुसून टाकली होती.

मग तिला आठवलं. त्या बाळाच्या आईच्या पिशवीत तिने स्वतः घातलेली ती पेटी! तीही त्याच मांडणीवरची होती.

५

त्या बाईंचं घर औषधाच्या दुकानामागे होतं. फूटपट्टी धावत गेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून. दार उघडायला उशीर झाला तेवढ्यात तिच्या मनाने नाही नाही ते चित्र रंगवलं.

"ती पेटी," ती धापा टाकत म्हणाली. "मी दिलेली. वापरलीत का?"

बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग आत जाऊन पेटी आणली. तिच्यावरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

"तुमच्यावरचा विश्वास उडाला होता माझा. म्हणून उघडली नाही."

फूटपट्टी दाराची चौकट धरून रडायला लागली. आयुष्यात तिने लोकांचा विश्वास बसावा म्हणून इतकी धडपड केली होती, आणि बाळ वाचलं होतं ते विश्वास नव्हता म्हणून. तिने सगळं सांगितलं. लाल फडकं, फोटो, काकांवर घेतलेला आळ. काही लपवलं नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आतून बाळाचा आवाज आला. "सांगायला आलात, बरं केलंत," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मला अजून तुमचा राग आहे. तो इतक्यात जाणार नाही." आणि त्यांनी दार लावून घेतलं, आपटून नाही, हळूच.

घरी आली तेव्हा दिरांनी फळीवरचा सगळा बाळसाबण उतरवला होता आणि विकलेल्या पुड्या परत आणायला ते टेम्पो घेऊन निघाले होते. ती थेट सासूबाईंच्या खोलीत गेली.

"आई, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना? तुम्ही चूळ भरलीत."

 "कळलं होतं. वडी आपलीच होती. जिभेला टोचली. मला वाटलं, गोळ्यांच्या गुंगीत मीच लाल काढायला सांगितलं असेल. म्हटलं, मी या हाताने लेकराला भाजलं. मग तू म्हणालीस कागद नकली आहे, आणि मी..." त्या थांबल्या. "मी गप्प बसले. त्या बिचाऱ्या छापखानेवाल्याचं नाव जात होतं आणि मी इथे पडून ऐकत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मीच, असं वाटत होतं."

"तुम्ही नाही, आई. लाल मी काढलं. फोटोसाठी."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर सुटका दिसली, निव्वळ, उघडीवाघडी सुटका. फूटपट्टीला ती ओळखीची होती. तिलाही तो निळा मळका दिसल्यावर अशीच सुटका वाटली होती.

"मी नाही?" त्या म्हणाल्या. आणि लगेच हाताने तोंड झाकून घेतलं. "शी! काय बोलले मी. तुझ्यावर ढकलून मला बरं वाटलं."

"वाटू दे," फूटपट्टी म्हणाली आणि त्यांचा हात धरून बसली. कुणाची चूक किती, याची वाटणी दोघींनाही करवेना. "मी तुम्हाला कधी विचारलंच नाही, लाल का म्हणून."

"मी तरी कुठे कधी सांगितलं? मला वाटायचं, मी आहे ना."

६

संध्याकाळी दीर परतले. विकलेल्या पुड्यांतल्या बहुतेक परत आल्या होत्या. काही घरांत लहान मूलच नव्हतं, तर कुणी साबण नुसताच ठेवून दिला होता. एका आजोबांचे हात लाल झाले होते, त्यांची माफी मागून दीर आले होते. फूटपट्टीने गावात लावायला लिहिलेला माफीचा मजकूर त्यांनी वाचला.

'आमच्या बाळसाबणाने एका बाळाची कातडी भाजली. तो साबण नकली नव्हता, आमचाच होता. कच्चा साबण आमच्या चुकीने बांधला गेला. छापखान्याच्या काकांवर आम्ही खोटा आळ घेतला. त्यांची यात काहीही चूक नाही. आमचा बाळसाबण कुणाकडे असेल, तर वापरू नका आणि परत आणून द्या.'

"चांगलं लिहिलंयस," दीर म्हणाले. "पण हे काळ्या शाईत छापू. लहानसं. पट्टाबिट्टा नको. लोकांना कळलं म्हणजे झालं, आपली पाटी कशाला त्यात?"

"नाही, भावजी. कौतुक निळ्यात आणि चूक काळ्यात, असं चालायचं नाही. पाटीएवढंच मोठं. तीच अक्षरं, तोच पट्टा. ज्या ज्या ठिकाणी आपण चांगले म्हणून लिहिलंय, तिथे तिथे हे लागलं पाहिजे."

"धंदा बसेल गं."

"बसला तर बसला," ती म्हणाली. हे म्हणताना तिला भीती वाटली नाही असं नाही. फार वाटली. पण मागे वळायला तिला कुठे जागाच दिसत नव्हती.

छापखान्यात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. यंत्रावर कापड पांघरलेलं होतं. काकांनी तिला बघून 'ये' म्हटलं नाही, आणि 'जा'ही म्हटलं नाही. तिने मजकूर पुढे केला आणि हात जोडले.

"काका, माझं चुकलं. तुम्ही खरं सांगितलंत आणि मी त्याचाच पुरावा करून तुमच्यावर फेकला."

काकांनी चष्मा नाकावर आणला, मजकूर वाचला, पुन्हा वाचला.

"लाल फडकं," ते पुटपुटले. "तुझ्या सासूने मला एकदा सांगितलं होतं वाटतं. माझ्याही ध्यानात आलं नाही." मग म्हणाले, "हे कोणत्या रंगात?"

"आपल्या निळ्यात. पट्ट्यासकट."

त्यांनी यंत्रावरचं कापड काढलं आणि शाईचे डबे उघडले. निळ्यात थोडी काळी, मग अगदी चिमूटभर पांढरी, लोखंडी सुरीने ते कालवत राहिले. ती बाजूला उभी होती. एरवी ती खांद्यावरून वाकून, 'जरा गडद, काका', 'आता जरा फिका', असं म्हणत असायची. आज तिला तोंड उघडायचा हक्क वाटेना. यंत्र सुरू झालं, पहिला कागद बाहेर आला, आणि काकांनी तो नेहमीसारखाच तिच्यापुढे धरला.

"बघ. जमला का?"

डोळे भरून आले होते म्हणून तिला आधी नीट दिसेना. मग दिसला. त्यात कुठे खोट नव्हती.

"हाच, काका."

"मग सगळे छापून देतो. माझं नाव धुऊन निघतंय, ते मला हवंच आहे." त्यांनी कागद वाळायला ठेवला. "यापुढचं काम मात्र तुम्ही दुसरीकडे बघा, सूनबाई. रोज तुला हा पट्टा दाखवायचा आणि रोज ते आठवायचं, आता माझ्याने होणार नाही."

तिने खूप काही बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडून एवढंच आलं, "काका, दुसऱ्या कुणाला हा निळा जमणार नाही."

"नाही जमणार," काका म्हणाले, आणि त्यांनी पुढचा कागद यंत्रात सरकवला.